चौकात घार उभी राहत नाही

प्रिय पोरी,

तुझी बारा स्केचेस परवा मिळाली. चौकातलं ते वीस फुटी स्टीलचं केळ दोनदा बघितलं. हात छान बसलाय, त्यावर बोलत नाही. पण बाराच्या बारा चित्रांत तू चौक वरून काढलायस. जळगावात वरून कोण बघतं गं? घारी.

बघणारा कुठं उभा आहे, ते आधी ठरव. वर्गात हे घसा फोडून सांगायचो, आता कागदावर सांगतोय.

तू विचारतेस, उजेड, धुकं, आरसे घेऊन काम करणाऱ्या ओलाफुर एलियासनसारखं काम इथं कुणाला कळणार, त्याचा स्टुडिओ आहे त्या बर्लिनला जाऊ का? पैसे जमले तर जरूर जा. पण त्या माणसाकडून तू नुसता आकार उचललास. २००३ साली लंडनच्या टेट मॉडर्न म्युझियममध्ये त्याने दिव्यांचा सूर्य टांगला, तोही अर्धाच. छताला आरसे होते, म्हणून गोल पुरा दिसायचा. त्या पिवळ्या उजेडात बाकीचे रंग मेले होते, धुकं सोडलेलं होतं, आणि माणसं फरशीवर उताणी पडून आरशातल्या स्वतःला हात हलवून दाखवत होती. आता सांग, काम दिव्यांत होतं की फरशीला टेकलेल्या त्या पाठींत? डेन्मार्कात आरहूसच्या म्युझियमच्या गच्चीवर त्याने रंगीत काचांची १५० मीटरची गोल वाट बांधली, २०११ मध्ये. चालत राहिलं की शहराचा रंग पालटत जातो. त्या कामाच्या नावातच ‘तुझं’ हा शब्द आहे. ‘माझं’ नाही! बघणारा कुठं उभा आहे, हे त्याला आधी ठाऊक असतं.

मला नव्हतं. १९९८ साली त्याने ब्रेमेनच्या नदीत कुणाला न सांगता हिरवा रंग सोडला. बिनविषारी, पाण्याचा प्रवाह तपासायला वापरतात तो. त्याच वर्षी मी आठवडे बाजारात केळीचे साठ खांब रोवले, भोवती सुतळी बांधली आणि फलक लावला : हात लावू नये. एक म्हातारी सुतळीखालून वाकून आत आली, मेथीची टोपली सावलीत टेकवली आणि म्हणाली, ‘‘भाऊ, हाई काय शे?’’ मी म्हटलं, कलाकृती आहे आजी, उठा. उठली बिचारी. टोपली डोक्यावर घेऊन उन्हात जाऊन बसली. चार दिवसांत खांब काळे पडून वास सुटला. साठ खांबांत नेमकी सावली कुठं पडते, हे कळलेली बाई ती एकटीच होती, आणि तिलाच मी हाकललं.

लोक म्हणतात, जळगाव सोडलं नाही म्हणून मी मागे राहिलो. चूक आहे ते. फाइल घेऊन मुंबईत दारोदार फिरायचं नव्हतं मला. छायाचित्रकार केकी मूस आपल्याच जिल्ह्यातल्या चाळीसगावात राहत्या घरी टेबलावर अख्खी निसर्गदृश्यं मांडून फोटो काढत. तिथं बघणारा एकच, कॅमेऱ्याचं भिंग, आणि ते कुठं ठेवायचं हे त्यांना पक्कं ठाऊक. बरं, मी काही मूस नाही. राहू दे, पत्र तुझं आहे.

मे महिन्यात सिग्नलवर हिरवं नेट बांधतात, बघितलंयस ना? पारा ४५ च्या आसपास, म्हणून पांढऱ्या पट्टीच्या अलीकडेच, नेटच्या सावलीत गाड्या थांबतात. रुमाल बांधलेले सगळे चेहरे हिरवे. सिग्नल सुटून बाहेर पडलं की समोरची पांढरी भिंत क्षणभर गुलाबी दिसते. मला तरी दिसते. रोज शेकडो माणसं तिथं आपणहून उभी राहतात, आणि तू म्हणतेस इथं प्रेक्षक नाही!

रविवारी दुपारी एकला सिग्नलवर ये. स्केचबुक आणू नकोस, टोपी आण. नेट जिथं फाटलंय, तिथल्या रसवंतीपाशी मी असेन.

तुझा
सर