कोणत्या टोकाकडून?

प्रिय मुली,

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. या आठ दिवसांत मी दोनदा उत्तर लिहिले आणि दोन्ही वेळा फाडून टाकले, कारण दोन्हींत तुझ्या एकाच वाक्यावरचा राग उतरला होता. ‘सर, कुणी ऐकतच नव्हते, तर तीन वर्षे आपण बोललो कुणासाठी?’ असे तू लिहिले आहेस. जूनच्या शेवटच्या शनिवारी इंटरनेटवरचे आपले क्रीडा-समालोचन केंद्र बंद करून आपण परळच्या त्या दोन खोल्यांच्या किल्ल्या मालकाला परत केल्या, तेव्हा ध्वनिमुद्रकाची पेटी पोटाशी धरून तू बराच वेळ जिन्यात उभी होतीस, ते मी पाहिले होते. हे वाक्य दुःखातून आले आहे हे मला कळते, तरीही ते मला मान्य नाही. त्याच्याकडे मी नंतर येतो. आधी तुझा खरा प्रश्न.

अंधेरीच्या कंपनीने देऊ केलेली नोकरी घ्यावी का, असे तू विचारतेस. पडद्यासमोर बसून जगात कुठेही चाललेल्या क्रिकेट सामन्याचे मराठीत वर्णन करायचे, असे ते काम आहे. घे. तुझ्या घरी पगाराची गरज आहे आणि त्या गरजेपुढे उपदेश करण्याचा अधिकार मला उरलेला नाही, कारण शेवटच्या तीन महिन्यांचे मानधन मी तुम्हा कुणालाच देऊ शकलो नाही. मात्र नोकरी घेताना एक गोष्ट पक्की धरून ठेव: जो सामना तू मैदानात उभी राहून पाहिला नाहीस, त्याबद्दल पाहिल्यासारखे बोलू नकोस. पडद्यावर पाहिला असेल तर ‘पडद्यावर दिसते आहे’ असे म्हण. वर्तमानपत्रात वाचला असेल तर वाचला म्हण. तुझे वरिष्ठ सांगतील की श्रोत्याला असला फरक कळत नाही. तो त्याला कळतो, आणि हे मी कसे शिकलो ते तुला कधीच सांगितले नव्हते, म्हणून आज सांगतो.

1988च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्ड स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेव्हियर्सविरुद्ध 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. त्या दिवसांत मी फोर्टमध्ये नोकरीला होतो. कार्यालयातून मैदानात चालत जायला मला पंधरा मिनिटे लागत. पहिल्या दिवशी दुपारी एक मित्र सांगत आला की शाळेची दोन मुले बादच होत नाहीत, चल. मी गेलो नाही. टेबलावर काम होते, वरिष्ठ समोर बसले होते, आणि शालेय सामने काय, दरवर्षी होतातच, असे मनात आले. दुसऱ्या दिवशीही मी गेलो नाही.

पुढे मी बोलण्याच्या क्षेत्रात आलो आणि त्या भागीदारीवर कितीतरी वेळा बोललो. धुळीचे, उन्हाचे, दमून गेलेल्या क्षेत्ररक्षकांचे वर्णन करताना ‘मी पाहिले’ असे शब्दशः कधी म्हणालो नाही, पण ऐकणाऱ्याने तसेच समजावे असे माझे बोलणे असे, आणि त्यातले मर्म मला पुरते ठाऊक होते. एका कार्यक्रमात, थेट प्रसारण चालू असताना, एका वयस्कर गृहस्थांचा दूरध्वनी आला. आवाज शांत होता. त्यांनी इतकेच विचारले, ‘समोरच्या संघात साईराज बहुतुले होता. तो जिमखान्याच्या टोकाकडून टाकत होता की महापालिकेच्या?’ मला उत्तर देता आले नाही. मी काहीतरी सारवासारव केली, त्यांनी ‘बरं’ म्हणून दूरध्वनी ठेवला आणि पुन्हा कधी केला नाही. त्यांनी मला खोटारडा म्हटले असते तर मी भांडलो असतो. त्या एका ‘बरं’ला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही.

आपल्या केंद्राचा तुम्हाला जाचक वाटणारा नियम तिथून आला. सोमवारच्या कार्यक्रमात ज्या सामन्यावर बोलायचे, तिथे रविवारी गेलेच पाहिजे. वहीत सर्वांत वर लिहायचे की पहिले षटक कोणत्या टोकाकडून पडले. वारा कुठून होता, मॅटिंग होते की मातीची खेळपट्टी, गवत किती वाढले होते, हे सगळे त्यानंतर. मुलांची नावे गुणलेखकाच्या टेबलावर बसून, त्यांच्या तोंडून उच्चार ऐकून लिहायची. आझाद मैदानावर 22 खेळपट्ट्या एकमेकींना खेटून आहेत. एका सामन्याचा कव्हरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फाइन लेगजवळ उभा असतो, आणि भलत्याच सामन्याचा चेंडू आपल्या पायाशी येतो. तिथे उभे राहून एका सामन्यावर नजर ठेवणे ही साधना आहे, आणि ती पडद्यासमोर बसून होत नाही, कारण पडद्यावर नजर कुठे ठेवायची हे कॅमेरावाल्याने आधीच ठरवलेले असते.

तुला आठवत असेल, पहिल्याच पावसाळ्यात तू मुंबईच्या क्लब क्रिकेटमधल्या कांगा लीगचा एक निकाल फोनवर वाचलास आणि सोमवारी ‘रंगतदार सामन्यात’ असे म्हणून मोकळी झालीस. तो सामना झालाच नव्हता. एक संघ आला नव्हता आणि दुसऱ्याला पुढे चाल मिळाली होती. मी तुझा मायक बंद केला आणि श्रोत्यांची क्षमा मागितली. त्या दिवशी तू माझ्यावर फार चिडलीस. आज पत्रात तोच प्रसंग तू माझ्या कठोरपणाचा दाखला म्हणून दिला आहेस, म्हणून पुन्हा सांगतो: मी आजही तेच करीन. ‘रंगतदार’ हा शब्द, जो सामना डोळ्यांदेखत रंगला त्यासाठीच राखून ठेवायचा असतो. कांगा लीग 1948पासून भर पावसाळ्यात खेळली जाते, ओल्या खेळपट्टीवर, घोट्याएवढ्या गवतात, जिथे जोरात मारलेला चेंडूही वाटेत अडतो. तिथल्या तीस धावा म्हणजे काय, हे चिखलात बूट भरवल्याशिवाय सांगता येत नाही. कबड्डीतही तसेच. प्रभादेवीच्या त्या सामन्यात लोण कसा चढला, म्हणजे अख्खा संघ कसा बाद झाला, हे गुणफलक सांगत नव्हता. डाव्या कोपरारक्षकाने दोन चढायांमध्ये पाऊल मुद्दाम मागे घेतले होते, हे तू पाहिलेस आणि तूच सांगितलेस. तीन वर्षांतले तुझे ते सर्वांत चांगले निवेदन होते. तेव्हा मी तुला तसे म्हणालो नव्हतो. म्हणायला हवे होते.

केंद्र बंद पडण्यात तू तुझा दोष शोधते आहेस, तो आधी सोड. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबईतले ध्वनिक्षेपण केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले आणि ती कंपनी तीन वर्षांच्या आत, 1930मध्ये बुडाली. पुढे ते सरकारने हाती घेतले म्हणून टिकले. या शहरात आवाजाचा व्यवसाय पहिल्या दिवसापासून तोट्याशी झगडत आला आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1995मध्ये दिला, आणि तो खटला क्रिकेटच्याच प्रक्षेपणावरून, 1993च्या हिरो चषकावरून, उभा राहिला होता. तो निकाल वाचून आमच्या पिढीला वाटले होते की आता मैदानामैदानाचे स्वतःचे केंद्र होईल. खासगी एफएम वाहिन्या आल्या त्या बहुतेक गाण्यांच्या. 2011च्या धोरणात त्यांना स्थानिक स्वरूपाच्या क्रीडास्पर्धांचे थेट समालोचन करण्याची वाट ठेवलेली आहे, पण परवाना लिलावात घेऊन वर शालेय सामन्याचे समालोचन करणे व्यापाराला परवडत नाही. आपण इंटरनेटवरून बोलायचे ठरवले ते यामुळेच. धोबी तलावच्या ज्या क्रीडासाहित्य विक्रेत्याने दोन वर्षे आपले भाडे भरले, त्यांचाही धंदा बसू लागला आणि त्यांनी हात जोडले. हिशोब इतका सरळ आहे.

इतका सरळ नाही, हे तुलाही माहीत आहे. दुसऱ्या वर्षी एका कंपनीने आपल्याला वर्षभराचा खर्च देऊ केला होता. पैसे लावून संघ निवडण्याचा खेळ त्यांचा होता, आणि अट अशी की रोज अर्धा तास त्या संध्याकाळच्या सामन्यात कुणाला निवडावे यावर बोलायचे. मी नकार दिला. बैठकीत आपल्या ध्वनितंत्रज्ञाने, ज्याच्याइतका निष्ठावान माणूस मला आयुष्यात मिळाला नाही, स्पष्ट सांगितले की तुमच्या हट्टापायी आम्ही उपाशी राहू. तो महिन्याभरात गेला. मी त्याच्या घरी जायला हवे होते. गेलो नाही, आणि याची टोचणी मला केंद्र बंद झाल्यापेक्षा जास्त आहे. पण नकाराबद्दल विचारशील तर मी तो पुन्हा देईन. 2025च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा काही जणांनी ‘तुम्हीच खरे ठरलात’ म्हणून माझे अभिनंदन केले. मला ते नको होते. माझा नकार कायद्यासाठी नव्हता. रोज अर्धा तास आपल्याला न पाहिलेल्या सामन्यांवर, न भेटलेल्या खेळाडूंबद्दल, ठामपणे बोलावे लागले असते, आणि ऐकणारा आपल्या शब्दावर घरातले पैसे लावणार होता. ज्या केंद्रावर पुढे चाल मिळालेल्या सामन्याला रंगतदार म्हटले म्हणून एका मुलीचा मायक बंद केला, त्या केंद्रावर हे मी कोणत्या तोंडाने चालवले असते? तुला हा हट्ट वाटत असेल तर वाटो. मला दुसरा मार्ग दिसला नव्हता, आणि इतक्या दिवसांच्या विचारानंतरही दिसत नाही.

आता तुझे ते वाक्य. कुणी ऐकत नव्हते, असे तू कशावरून ठरवलेस? संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्यावरून. नायगावच्या पोलीस वसाहतीतून आलेला तो दूरध्वनी तू स्वतः घेतला होतास. शालेय क्रिकेटच्या जाइल्स शील्डमध्ये त्यांच्या मुलाने चार बळी घेतले होते आणि आपण त्याचे आडनाव चुकीचे उच्चारले होते. त्या बाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी आडनाव दोनदा सावकाश सांगितले, आणि तू पुढच्या कार्यक्रमात ते नीट घेतलेस. चौदा वर्षांखालच्या मुलाचे नाव, तो कोणत्या टोकाकडून गोलंदाजी करत होता या तपशिलासह, आपल्याशिवाय या शहरात कोण बोलून दाखवत होते? मराठीत धावते वर्णन रुजवले बाळ ज. पंडितांनी, आणि त्यांच्या आवाजावर वाढलेली माणसे आजही सांगतात की सामना त्यांना दिसायचा. तो त्यांना दिसायचा, कारण बोलणारा तो पाहत असे. ऐकणारे दहा होते की दहा हजार, याने यात काही बदलत नाही. ‘कुणासाठी बोललो’ हा प्रश्न तू पुन्हा मला लिहू नकोस. मला तो सहन होत नाही.

अंधेरीत रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात कुणाशी वाद घालू नकोस. काम शिक, त्यांची यंत्रे आपल्यापेक्षा कितीतरी चांगली आहेत. रविवारची सुट्टी मात्र आधीच लेखी मागून घे, आणि नाही मिळाली तर आठवड्यातला जो दिवस मिळेल त्या दिवशी मैदानात जा. शिवाजी पार्क, क्रॉस मैदान, माटुंग्याचे दडकर मैदान, संध्याकाळी श्रमिक जिमखाना, कुठेही. प्रसारण नसले तरी वही लिही. गळ्यात माळ घातलेल्या वारकऱ्याला वारी चुकवून चालत नाही, तसे समज.

आपल्या वह्या मी घरी आणल्या आहेत. एकूण 31 आहेत, आणि ओल लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या आहेत. त्यांतल्या दुसऱ्या वर्षाच्या दोन वह्या तुझ्या हातच्या असून पावसाने शाई पसरल्यामुळे कांगा लीगच्या चार सामन्यांतली बरीच नावे मला लागत नाहीत. ती तुलाच आठवतील. रुजू होण्यापूर्वी एका दुपारी ये आणि ती नावे स्वच्छ अक्षरांत पुन्हा लिहून दे. ज्या सामन्यांत टोक लिहायचे राहिले आहे तिथे, आठवत असेल तरच लिही.

अनेक आशीर्वाद.

तुझा,
सर