न्यूटच्या (सरड्यासारखा दिसणारा, शेपटीवाला उभयचर प्राणी) पिल्लांचे कल्ले गेले आणि आता ती पाण्यात थांबतच नाहीत. परत पाण्यात कधी सोडू? खायला किती वेळा द्यायचं?

सोडूच नका. ती आपणहून उतरतील तेव्हा उतरतील.

आमचे एक काका आहेत, सगळा जन्म मासे पाळण्यात गेलाय, माशांतलं त्यांना खरंच खूप कळतं, पण न्यूटच्या बाबतीत एकच हेका, पाण्यातलं जनावर पाण्यातच वाढणार. माझी फायर-बेलीड न्यूटची पिल्लं कल्ले आटल्यावर मी ओल्या शेवाळावर ठेवली होती, तर म्हणे तू त्यांना लाडावून ठेवलंयस. आणि मी जरा आत गेले तेवढ्यात त्यांनी एक उचलून काठोकाठ भरलेल्या टाकीत सोडलं! बाहेर येऊन बघते तर ते काचेला पोट चिकटवून वर चढू बघतंय, पुढच्या पायांची बोटं फाकलेली, घसरतंय, परत चढतंय, हवेसाठी नाक वर काढतंय. मी लगेच काढलं. काका म्हणतात, सवय होईल. अहो सवय कसली होणार? कल्ले गेले म्हणजे आता फुप्फुसं आणि कातडी यांच्यावरच श्वास, त्या वयात कातडीही कोरडी खरखरीत होते, टेकायला जागा नसली की दमून बुडतात. न्यूट बुडून मरतो हे लोकांना पटतच नाही.

तेच पिल्लू दोनेक वर्षं जमिनीवर वाढलं, मग त्याची कातडी गुळगुळीत झाली, शेपटी चपटी रुंद झाली आणि एक दिवस ते स्वतःच उथळ पाण्यात जाऊन बसलं. तर काका म्हणे, बघ, मी तेच सांगत होतो. नाही काका, तुम्ही दोन वर्षं आधी सांगत होता, आणि तेव्हा ऐकलं असतं तर ते आज नसतं.

खाण्याचं म्हणाल तर कल्ले गेल्यावर थोडे दिवस खात नाहीत, घाबरू नका. नंतर हलणारंच लागतं, स्प्रिंगटेल (ओल्या मातीतले बारीक किडे), फ्रूट फ्लाय (बारीक फळमाश्या), गांडुळाचे बारीक तुकडे. लहान असताना रोज थोडं, मोठी झाली की आठवड्यातून दोन-तीनदा बास. खाण्यापेक्षा उष्णता सांभाळा, १६ ते २० अंश उत्तम, २४ च्या वर गेलं की त्रास सुरू. झाकण घट्ट हवं, ओल्या काचेवरून सरळ चढून जातात.

हां, आणि तुम्ही जात लिहिलेली नाही. रिब्ड न्यूट असेल तर वरचं सगळं लागू नाही, ती कल्ले गेल्यावरही पाण्यातच राहतात, आणि तिथे काकांचं बरोबर आहे. पण नक्की माहीत नसेल तर पाणी उथळ ठेवा, बाहेर पडायला उतार द्या, कुठे बसायचं ते पिल्लांनाच ठरवू द्या. हात लावलात तर नंतर धुवा, बऱ्याच जातींच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. आणि कंटाळा आला म्हणून ओढ्या-तळ्यात नेऊन सोडू नका, पाळीव न्यूटच्या अंगावर बुरशी असली तर ती रानातल्या न्यूटना आणि त्यांच्या भाऊबंद सॅलमँडरना मारू शकते.