आजी स्वयंपाकाची कामं करायची. तिच्या आठवणींची पुस्तिका काढायची आहे, पाककृती कशा जमवू?

पाककृती जमतील हो. पण वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत 'साक्षात अन्नपूर्णा, हाताला काय चव' एवढंच छापणार असाल तर छपाईचे पैसे वाचवा. आमच्याकडे हेच झालं, म्हणून चिडून लिहितोय.

माझी आजी लालबागला चाळीत खाणावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, जेवणारे सगळे गिरणीतले, बायकापोरं गावाला ठेवून आलेले. सातच्या पाळीचे डबे भरायचे म्हणून तिचा स्टोव्ह पहाटे तीनला पेटायचा. अक्षरओळख शून्य, हिशेब चोख. वहीत प्रत्येकाचं चित्र: एकाची छत्री, एकाचा बैल, एक पहिलवान होता त्याची गदा. चित्रापुढे जेवणाची रेघ, खाड्याला फुली, पाहुणा आणला तर रेघेखाली टिंब. महिनाअखेरीला हुज्जत घालायची कुणाची टाप नव्हती.

आधी वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यातच सगळं जायचं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यातून बँकेचं कर्ज मिळालं, तेव्हा कुठे सावकार सुटला. ते कर्ज तिने फेडलं, वेळेत.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार बंद, पोट थोडंच बंद होतं? ती उधारीवर वाढत राहिली. माणसं एकेक करून गावाला गेली, रेघा वहीतच राहिल्या. आमचे थोरले काका अजून सांगतात, 'आईला व्यवहार कळत नव्हता, भावनेच्या भरात खाणावळ बुडवली.' अहो काका, तुमची फी कुठून आली? संपातली पानं उघडून बघा. नवीन माणूस तिने उधारीवर एकही घेतला नाही, जुन्यांचीच ताटं चालू ठेवली, तीही मासळी बंद करून. याला व्यवहार नाही तर काय म्हणतात? अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, गिरणगाव मोडलं, आणि खापर मात्र तिच्या माथी.

सगळ्यांनीच बुडवले असंही नाही म्हणा. गदेवाला बऱ्याच वर्षांनी येऊन पैसे देऊन गेला. ते काकांनीच घेतले, एवढं मात्र ते सांगत नाहीत.

तर आधी हे लिहा: किती जणांचं करायची, महिना काय मिळायचा, कुणी बुडवले, अडीअडचणीला पैसे कुठून उभे केले. पाककृतींसाठी घरच्यांच्या नादी लागू नका, त्यांनी आयतं खाल्लेलं असतं. तिच्याबरोबर राबलेली एखादी बाई असेल तर तिला गाठा, आणि ती 'मूठभर' म्हणाली की तिचीच मूठ काट्यावर मोजून घ्या. तुमची आजी लोकांच्या घरी जाऊन करत असेल तर वहीबिही नसेल बहुधा. मग त्या घरांत जाऊन पगार काय देत होता ते विचारा. सांगायला लाजतील, तरी विचारा.