सहविकर ‘बांधतात’ की ‘बसवतात’?

ऐरोलीच्या एका ताई कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी टिपणं मराठीत उतरवत आहेत. विकर म्हणजे एन्झाइम, पेशीतली रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन; सहविकर म्हणजे त्याला त्या कामात मदत करणारा, स्वतः प्रथिन नसलेला रेणू. एका जिवाणूतल्या विकराबद्दल त्यांनी लिहिलं, ‘सहविकर विकराशी बंधाने बद्ध असते.’ त्यावर एका मुलाने विचारलं, “मॅडम, म्हणजे सहसंयुज बंध ना?” सहसंयुज म्हणजे दोन अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन पक्के जोडले जातात तो बंध. इथे तसं तर नव्हतं. तेव्हा बंध, बंधन, बद्ध यांतलं काय लिहावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मला विचाराल तर तिन्ही नकोत. त्या मुलाने अगदी बरोबर जागी बोट ठेवलं आहे. शाळेच्या पुस्तकात ‘बंध’ म्हणजे अणू-अणूंमधला रासायनिक बंध, हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं आहे. तोच शब्द इथे आला की तो तोच अर्थ घेणार. इथे ‘बसणे’ हे साधं क्रियापद चालतं, आणि जिथे बसतं त्या जागेला आपल्याकडे आधीपासून एक सुंदर शब्द आहे: कोंदण.

हे मला जांभळी नाक्याजवळच्या एका गल्लीत सुचलं. आईच्या अंगठीतला पोवळ्याचा खडा हलत होता म्हणून सोनाराकडे गेले होते. त्यांनी बारीक हत्याराने कोंदणाची कड जराशी उचलली, खडा तळहातावर घेतला, खाच पुसली, खडा परत ठेवला आणि कड दाबली. अंगठीची मागची पट्टी पूर्वी एकदा तुटली होती, ती झाळलेली होती. ते म्हणाले, “हे आता एकच झालं. खड्याचं तसं नाही, तो बसवलेला आहे.”

ताईंचं विकर आहे ई. कोलाय या जिवाणूतलं फ्लाव्होडॉक्सिन रिडक्टेज. अडीचशेच्या आसपास अमिनो आम्लांची एकच साखळी, पण घडी पडल्यावर तिचे दोन भाग होतात. एका भागात एफएडी हे सहविकर बसतं, दुसऱ्या भागात एनएडीपीएच येऊन टेकतं. एनएडीपीएच दोन इलेक्ट्रॉन एकदम देतं. एफएडी ते घेतं आणि फ्लाव्होडॉक्सिन या पुढच्या प्रथिनाला एकेक करून देतं. या विकरात एफएडीला सहसंयुज बंधाने कुठेही जखडलेलं नाही. भोवतालची अमिनो आम्लं त्याला हायड्रोजन बंधांनी, विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीने आणि नेमक्या आकाराने धरून ठेवतात. कोंदण म्हणतात ते हेच. हायड्रोजन बंधातही ‘बंध’ आहेच. पण तो एकेका धाग्याचं नाव म्हणून राहू द्या, सबंध बैठकीला तो शब्द नको.

खडा काढून परत बसवता येतो, याचा दाखला विज्ञानाच्या इतिहासातही आहे. एफएडीचा धाकटा भाऊ एफएमएन. दोघेही ब-२ जीवनसत्त्वापासून बनतात, म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीसारखेच पिवळे. यीस्टमधल्या एका पिवळ्या विकरातून स्वीडिश जीवरसायनशास्त्रज्ञ ह्यूगो थिओरेल यांनी 1930 च्या दशकात सौम्य आम्लाच्या साहाय्याने एफएमएन वेगळं काढलं. उरलेलं प्रथिन बिनरंगी आणि निकामी. सुटं एफएमएनही एकट्याने ते काम करीना. दोन्ही एकत्र आणली, तर रंगही परतला आणि कामही. पुढे 1955 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा प्रयोग ‘बांधलं’, ‘सोडलं’ म्हणून सांगून पाहा आणि मग ‘काढलं’, ‘बसवलं’ म्हणून सांगा. दुसऱ्यात मुलांना तो डोळ्यांसमोर दिसेल.

मात्र सरसकट ‘बसणे’ लिहू नका. सक्सिनेट डिहायड्रोजिनेज या दुसऱ्या एका विकरात हेच एफएडी हिस्टिडीन या अमिनो आम्लाला सहसंयुज बंधाने जोडलेलं असतं. ते झाळलेलं, तिथे ‘बंधाने जोडलेले’ असंच लिहायला हवं. आणि एनएडीपीएचचं काम ये-जा करण्याचं. त्याला ‘बसवलेलं’ म्हटलं तर ते कायम तिथेच मुक्कामाला असतं असं वाटेल. त्याच्यासाठी मी ‘धरणे’ आणि ‘सोडणे’ वापरेन.

कोंदण शब्दाचा आणखी एक फायदा सांगते. एनएडीपीएच आणि एनएडीएच यांच्यात एका फॉस्फेटचाच फरक, पण विकर सहसा त्यातलं एकच पसंत करतं. 1990 मध्ये स्क्रटन, बेरी आणि पेरॅम यांनी ई. कोलायच्याच ग्लुटाथायोन रिडक्टेजमधली काही अमिनो आम्लं बदलली आणि एनएडीपीएचवर चालणारं ते विकर एनएडीएच पसंत करू लागलं. कोंदण नव्याने घडवलं, एवढं म्हटलं की मराठीत गोष्ट कळते. ‘बंधनस्थळाची विशिष्टता परिवर्तित केली’ म्हटलं, तर मुलं पाठ करतील आणि विसरतील.

जाता जाता ‘सहविकर’विषयी. सहसंपादक हाही संपादकच असतो. सहविकर मात्र विकर नसतं, आणि मुलं इथे फसतात. तरी शब्द रुळला आहे, तो बदलू नये. पहिल्याच तासाला एवढं सांगून टाकावं. विकराला जुना मराठी शब्द ‘वितंचक’ होता, आणि तो गेल्याची मला खरंच हळहळ वाटते. संस्कृतात दूध विरजायला घालतात ते आतंचन. त्यातला तंच् धातू तोच, ज्यातून तक्र आलं आणि तक्रातून आपलं ताक.

ताई, तुमचं वाक्य मी असं लिहिलं असतं: ‘एफएडी हे सहविकर विकराच्या कोंदणात सहसंयुज बंधाशिवाय घट्ट बसलेले असते, एनएडीपीएच शेजारच्या भागात धरले जाते, इलेक्ट्रॉन देते आणि सुटते.’ त्या मुलाला हे वाचायला द्या, आणि तो पुढे काय विचारतो ते मला नक्की कळवा.