बेलआउटनंतर गाडी कुठली घ्यायची, इथली की बाहेरची?

वाचकांचे प्रश्न : ऑगस्ट २००९

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही मिशिगनमध्ये कँटनला राहतो. ह्यांची कंपनी गाड्यांच्या सीटचे पार्ट बनवते, सध्या आठवड्यातले चारच दिवस काम चालू आहे. आमची जुनी एसयूव्ही पार थकलीय, क्लंकर स्कीम (जुनी, जास्त पेट्रोल खाणारी गाडी मोडीत दिली की नवीवर सरकारची सूट) चालू आहे तोवर ती देऊन सात सीटर घ्यायची म्हणतोय कारण ऑक्टोबरात सासू-सासरे नाशिकहून सहा महिन्यांसाठी येतायत. न्यू जर्सीचे दीर म्हणतात डोळे मिटून टोयोटा घ्या. शेजारचे काका जीएम म्हणजे जनरल मोटर्समधून रिटायर झालेत, ते म्हणतात जपानी गाडी दारात आणलीत तर आपल्याच नवऱ्याच्या नोकरीवर धोंडा. मला राग वेगळाच येतो, सरकारने बेलआउट देऊन आमच्याच टॅक्सच्या पैशातून जीएम आणि क्रायस्लर ह्या कंपन्या वाचवल्या, आता गाडीही त्यांचीच घ्यायची का? - एक वाचक, कँटन

उत्तर : ताई, आधी तुमच्या रागाबद्दल बोलतो कारण तो खरा आहे. डिसेंबरात बुशनी जाता जाता १७.४ अब्ज डॉलर दिले, मग ओबामांनी अजून ओतले, एकट्या जीएमवरच सगळं मिळून ५० अब्जाच्या आसपास गेलेत आणि त्या बदल्यात नव्या जीएमचे जवळपास ६१ टक्के शेअर सरकारकडे आहेत. त्यामुळे जीएमची गाडी खपली तर आपलेच पैसे परत येतील असं लोक म्हणतात, ते खोटं नाही, पण एका घराने न आवडणारी गाडी गळ्यात बांधून घेऊन सरकारचं कर्ज फिटत नसतं. टॅक्स भरलात तिथे तुमचं देणं संपलं.

पण हेही बघा की तो पैसा फक्त डेट्रॉइटच्या गाडी कंपन्यांच्या साहेबांसाठी नव्हता. फोर्डने बेलआउट घेतलाच नाही, त्यांनी २००६ मध्येच कारखान्यांपासून कंपनीच्या निळ्या लोगोपर्यंत सगळं गहाण टाकून कर्ज उचललं होतं, तरी फोर्डचे प्रमुख मुलाली वॉशिंग्टनला जाऊन म्हणाले की बाकीच्या दोघांना, जीएम आणि क्रायस्लरला, वाचवा. कारण पार्ट पुरवणारे सप्लायर सगळ्यांचे तेच. जीएम बंद पडली की सीटवाला बुडतो, सीटवाला बुडला की फोर्डची लाइन थांबते आणि ओहायोमधली होंडाचीही थांबते. अशाच सप्लायरपैकी मेमध्ये व्हिस्टिऑन दिवाळखोरीत गेली, जुलैत लिअर गेली, आणि लिअर तर सीटवालीच. तुमच्या ह्यांना चार दिवसांचं का होईना काम आहे त्यात त्या पैशाचा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून मी बेलआउटच्या बाजूचा आहे. तरीही त्यावरून गाडी कुठली घ्यायची ते ठरत नाही.

आता इथली आणि बाहेरची. शोरूममध्ये नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद असतो ना, त्यातच एक छोटा चौकोन असतो, बहुतेक लोक तो वाचतच नाहीत. गाडीत अमेरिका आणि कॅनडाचे पार्ट किती टक्के, गाडी शेवटी जोडली कुठल्या गावात, इंजिन कुठल्या देशातलं, गिअरबॉक्स कुठल्या, हे सगळं तिथे छापावंच लागतं, १९९२ चा कायदा आहे तसा. तो कागद नसला तरी डॅशबोर्डवर व्हीआयएन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, दिसतो त्याचा पहिला आकडा बघा, १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिकेत बनलेली, २ कॅनडा, ३ मेक्सिको, आणि जे हे अक्षर असेल तर जपान.

हा कागद घेऊन तुम्हाला हव्या त्याच गाड्या बघू. फोर्ड आणि जीएम दोघांनीही मिनीव्हॅन बनवणं बंद केलंय, म्हणजे डेट्रॉइटवाल्यांची मिनीव्हॅन हवी तर उरली फक्त क्रायस्लर, टाउन अँड कंट्री किंवा डॉजची कॅरव्हान. त्या बनतात विंडसरला, नदीपलीकडे कॅनडात, सेंट लुइसला बनायच्या तो कारखाना गेल्या ऑक्टोबरात बंद केला. आणि खुद्द क्रायस्लर आता चालवणार इटलीची फियाट, सुरुवातीला २० टक्के हिस्सा घेऊन, आणि सगळ्यात मोठा वाटा गेलाय युनियनच्या निवृत्त कामगारांच्या आरोग्य फंडाकडे. उलट दीर म्हणतात ती टोयोटा सिएना बनते इंडियानात प्रिन्स्टनला आणि होंडा ओडिसी अलाबामात लिंकनला. मग शेजारच्या काकांच्या हिशोबाने इथली गाडी कुठली? त्या चौकोनात अमेरिका आणि कॅनडा एकत्रच मोजतात म्हणून विंडसरची व्हॅनही तिथे इथलीच दिसेल, ते लक्षात ठेवून वाचा.

काकांचं म्हणणं मात्र एका बाबतीत बरोबर आहे आणि तिथे दीर कमी पडतात. गाडी जोडणं हे एक काम, गाडी डिझाइन करणं, टेस्ट करणं, पार्टची ऑर्डर देणं हे दुसरं. वॉरनचं जीएमचं टेक सेंटर, ऑबर्न हिल्सची क्रायस्लर, डिअरबॉर्नची फोर्ड, इथे हजारो इंजिनियर बसतात, त्यात आपल्या मंडळाच्या गणपतीत भेटणारे कितीतरी जण आहेत. टोयोटाचं सेंटर अ‍ॅन आर्बरजवळ आहे, निसानचं फार्मिंग्टन हिल्सला, ह्युंदाईचं तर तुमच्या कँटनच्या शेजारी सुपीरियर टाउनशिपमध्ये, पण डेट्रॉइटच्या तिघांसमोर ती अजून लहान आहेत. राज्यात बेकारी १५ टक्क्यांना टेकलीय, अशात आपल्या गावातलं कुणाचं तरी काम टिकावं म्हणून कुणी जीएम घेतली तर त्याला मी भाबडा म्हणणार नाही.

पण भीतीपोटी घेऊ नका. शेजारी काय म्हणेल, पार्किंगमध्ये कुणी ओरखडा काढेल, ह्या विचाराने तर अजिबात नको. १९८२ साली इथेच हायलंड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन ह्या चिनी वंशाच्या तरुणाला बेसबॉल बॅटने मारलं, तो चार दिवसांनी गेला. मारणारे दोघं गाड्यांच्याच धंद्यातले, जपान्यांमुळे नोकऱ्या गेल्या हा राग जपानी नसलेल्या माणसावर काढला, आणि कोर्टाने प्रोबेशन आणि तीन-तीन हजार डॉलर दंडावर सोडलं. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांनी गाडीच्या लोगोवरून आपली निष्ठा सिद्ध करत बसायची ही वेळ कुणीही आपल्यावर आणू नये, आणि आपणही एकमेकांवर आणू नये.

तर माझा सल्ला सरळ आहे. ह्यांना विचारा की त्यांच्या कारखान्यातले सीटचे पार्ट नेमके कुठल्या गाडीत जातात. सीट बनवणाऱ्याला हे पाठ असतं, शिपिंगच्या कागदावर असेंब्ली प्लँटचं नाव असतं. ती गाडी तुमच्या कामाची असेल तर ती घ्या, मग लोगो जपानी असो की इथला, तुमच्या घरातला पगार तिथून येतो. शिवाय सप्लायरच्या लोकांना डेट्रॉइटवाले डिस्काउंट देतात, एचआरला विचारून तो कोड आधी घेऊन ठेवा, डीलरशी घासाघीस त्यानंतर.

त्यातून काही ठरलं नाही तर दोन गाड्या चालवून बघा, सिएना आणि जीएमच्याच जीएमसी ब्रँडची अकेडिया. अकेडिया मिशिगनमध्येच बनते, लान्सिंगला, आणि तीन रांगांची आहे. फक्त बघायला जाताना सासूबाईंचे गुडघे डोळ्यासमोर ठेवा, अकेडियात चढताना पाय उचलावा लागतो, नऊवारी-पाचवारी सांभाळून मधल्या रांगेत जाणं सोपं नाही, मिनीव्हॅनचा मजला खाली असतो आणि सरकतं दार पूर्ण उघडतं. मी तुमच्या जागी असतो तर ह्यावरच ठरवलं असतं. वॉरंटीची काळजी नको, नव्या जीएमने ती स्वतःकडे घेतलीय. जीएमची पाँटिअ‍ॅक मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी नको, ते नावच बंद होतंय, विकताना भाव मिळणार नाही.

क्लंकरचंही सांगतो. जुनी गाडी २५ वर्षांच्या आतली, चालती आणि वर्षभर तुमच्याच नावावर, इन्शुरन्ससकट हवी, आणि मायलेज गॅलनला १८ मैलांच्या वर नको. मिनीव्हॅन किंवा अशी मोठी गाडी घेताना नवीचं किमान १८ हवं, जुन्या-नव्या मायलेजमधला फरक २ ते ४ चा असेल तर सूट ३,५०० डॉलर, ५ किंवा जास्त असेल तर ४,५००. पहिले एक अब्ज आठवडाभरात उडाले, आता अजून दोन अब्ज दिलेत तेही जातायत, त्यामुळे उशीर करू नका. आणि डीलरला सौदा पक्का झाल्याशिवाय जुन्या गाडीला हात लावू देऊ नका, ते ऑइल काढून इंजिनात सोडियम सिलिकेट ओततात, मग ती कायमची गेली.

प्रश्न : मी पुण्यात जीएमची शेवर्ले स्पार्क बुक केलीय. जीएम अमेरिकेत बुडाली म्हणून घरचे रद्द कर म्हणतायत. काय करू? - एक वाचक, चिंचवड

उत्तर : अमेरिकेत जीएमने १ जूनला दिवाळखोरी मागितली आणि १० जुलैला नवी कंपनी बाहेरही आली, भारतातली कंपनी त्या केसमध्ये नव्हतीच. तळेगावचा कारखाना गेल्या सप्टेंबरात सुरू झालाय, मावळातली पोरं तिथे कामाला आहेत. घरच्यांची भीती मला समजते, कारण स्पार्क म्हणजे मुळात देवूची मॅटिझ, आणि देवू भारतातून उठली तेव्हा मॅटिझवाल्यांनी पार्टसाठी किती वणवण केली ते पुण्यात बऱ्याच जणांना आठवत असेल. म्हणून रद्द करण्याआधी एक करा, चिंचवडमधल्या कुठल्याही बाहेरच्या गॅरेजवाल्याला विचारा की स्पार्कचे क्लच प्लेट आणि पुढचे शॉकअप शोरूमशिवाय मिळतात का आणि कितीला. मिळत असतील तर बुकिंग ठेवा, तो डोकं खाजवायला लागला तर इंडिका किंवा सँट्रो बघा.