कळकाच्या बेटाचे काटे तोडावेत का? डॉ. माधव गाडगीळ यांचे संशोधन आणि आपला बांधावरचा बांबू

मुंबईत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आणि शहापूर, मुरबाड, पालघर या भागांत शेती असलेल्या काही शेतकऱ्यांनी विचारले आहे की, बांधावरच्या कळकाच्या (काटेरी बांबूच्या) जुन्या बेटांच्या, म्हणजे एकत्र वाढलेल्या काठ्यांच्या पुंजक्यांच्या, बुडाशी काट्यांची दाट जाळी झाली असून नव्या कोंबांना जागा मिळावी म्हणून ती साफ करावी, असे कोणी सुचवते, तर गावातील वडीलधारी मंडळी त्याला हात लावू नका म्हणतात. यात कोणाचे ऐकावे? आरे वसाहतीतील एका पाड्यावरील शेतकरी बंधूंचा प्रश्न याच्या जवळचाच आहे: जंगलावर होणाऱ्या मोठमोठ्या संशोधनाचा आमच्यासारख्यांना उपयोग काय?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच अभ्यासात सापडते, म्हणून ते एकत्र देत आहे.

परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांचे नाव बहुतेकांना पश्चिम घाटावरील २०११ च्या अहवालामुळे ठाऊक आहे. माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांचे अधिक मोलाचे काम त्याच्या कितीतरी आधीचे, १९७० च्या दशकात कर्नाटकातील बांबूवर केलेले आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेली येथील कागद गिरणीला सरकारने टनाला अवघ्या दीड रुपयाने बांबू देऊ केला होता. बांबूची बेटे झपाट्याने उजाड होऊ लागली आणि टोपल्या-सुपे विणून पोट भरणाऱ्या बुरुडांना कच्चा माल मिळेना. बेटे का मरत आहेत, हे शोधण्याचे काम डॉ. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. तोडणी सुलभ व्हावी आणि बेट मोकळे राहावे म्हणून बुडाजवळचे काटेरी आवरण काढून टाकण्याची तेव्हा पद्धत होती. हे आवरण काढू नये, असे गावकरी सांगत होते. डॉ. गाडगीळ यांनी ते म्हणणे ऐकून सोडून दिले नाही, तर प्रत्यक्ष बेटांवर तपासून पाहिले आणि गावकऱ्यांचेच म्हणणे खरे ठरले.

याचे कारण बेटाजवळ बसून पाहिल्यास लगेच ध्यानात येते. पहिल्या पावसानंतर तपकिरी पापुद्र्यांत गुंडाळलेला कोंब जमिनीतून वर येतो आणि त्याच हंगामात, दोन-तीन महिन्यांत, आपली पूर्ण उंची गाठतो. ही सारी वाढ कोवळी असून ती गुरे, वानरे आणि साळिंदर यांना फार आवडते. कोंबाचा शेंडा एकदा खाल्ला गेला की त्या काठीची उंची तिथेच संपली. बुडाच्या आडव्यातिडव्या काटेरी फांद्या म्हणजे या कोंबाचे कुंपण आहे, आणि साफसफाईच्या नावाखाली आपण तेच उपटून टाकतो.

म्हणून माझा सल्ला असा की, ज्या शेतात भात निघाल्यावर किंवा पावसाळ्यात गुरे मोकळी सोडली जातात, तेथे कळकाच्या बुडाचे काटे मुळीच तोडू नयेत. शेताला पक्के कुंपण असेल आणि वानरांचा उपद्रव नसेल, तर एका बाजूने, तोडणीसाठी आत शिरता येईल एवढीच वाट करावी. तोडलेले काटे लांब न टाकता बेटाभोवतीच रचावेत. माणगा ही बांबूची जात बिनकाट्याची असल्याने तिला ही अडचण नाही, मात्र तिच्या कोंबांना गुरांपासून राखण पहिल्या दिवसापासून द्यावी लागते.

तोडणीबाबत थोडक्यात सांगतो. जून ते सप्टेंबर या काळात कोयता लावू नये. पहिल्या दोन वर्षांच्या काठ्या राखाव्यात, कारण पुढच्या वर्षीचे कोंब मुख्यतः त्यांच्याच कंदातून फुटतात. तीन वर्षांवरील काठी जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या (गाठीच्या) लगेच वर कापावी, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजणार नाही. गणेशोत्सवाच्या मांडवांसाठी मुंबईत बांबूला मागणी वाढते म्हणून कोवळ्या काठ्या विकण्याचा मोह होतो. तो टाळावा, त्यासाठीचा माल उन्हाळ्यापूर्वीच तोडून सावलीत वाळवून ठेवावा.

२०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे आपल्या मालकीच्या बांधावरील बांबूसाठी केंद्रीय कायद्याची वृक्षतोडीची अट आड येत नाही. आरेतील वा राष्ट्रीय उद्यानालगतच्या पाड्यांची गोष्ट वेगळी आहे. जमीन वनखात्याची किंवा शासनाची असल्यास लेखी परवानगीवाचून एकही काठी तोडू नये, आणि सामूहिक वनहक्काचा (गावाने मिळून जंगल वापरण्याच्या कायदेशीर हक्काचा) दावा करता येतो का, याची चौकशी वनहक्क समितीकडे करावी. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने याच हक्काच्या बळावर २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार मिळवला.