ओकायामा समजून घ्यायचंय? आधी नदी बघा

जपानमधल्या ओकायामा शहराचा अभ्यास सुरू करताय, तर सनावळीत शिरण्याआधी नकाशा उघडा आणि आसाही नदीवर बोट ठेवा. उत्तरेच्या डोंगरांतून येऊन ती सेतो अंतर्गत समुद्राला मिळते, पण किल्ल्यापाशी एकदम वळसा घेते. हे वळण माणसाने दिलेलं आहे. इथला सरदार उकिता हिदेइए याने 1597 मध्ये किल्ला पुरा केला, तेव्हा नदीच वळवून तिचा खंदक केला. काळ्या भिंतींमुळे या किल्ल्याला ‘कावळ्याचा किल्ला’ म्हणतात. मूळ बालेकिल्ला जून 1945 च्या हवाई हल्ल्यात जळाला; आजचा 1966 चा आहे.

नदीपलीकडे कोराकुएन ही बाग. नंतरचा सरदार इकेदा त्सुनामासा याने 1687 मध्ये काम सुरू करवलं, 1700 मध्ये संपलं. तिथे घाई करू नका. हिरवळ, तळं, चहाचा मळा आणि चक्क भातखाचरं, मागे किल्ला. मला ती खाचरं सगळ्यात आवडतात.

परदेशी संबंधांची नुसती यादी पाठ करण्यात अर्थ नाही, बागांचा माग काढा. अमेरिकेतलं सॅन होजे 1957 पासून भगिनी शहर. तिथली जपानी बाग कोराकुएनवरूनच केलेली. आणि पुण्यात असाल तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आधी पाहून घ्या, तेही कोराकुएनच्याच धर्तीवर आहे.